उसनी चाळण

ट्युनिशियातल्या कोर्ब्यातून कोणी परदेशी निघालं की गल्लीतली पहिली हाक मबरूकाला जायची. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट ज्याचं त्यानं बघावं, बॅग मात्र मबरूकानेच भरायची. तिच्या उजव्या हातातच काटा होता. बॅग जमिनीपासून वीतभर उचलायची, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "साडेचोवीस आहे. दीड किलो काढा." विमानतळावर बरोबर तेवीस भरायचे. तीस वर्षांत तिने शंभरेक माणसं फ्रान्सला, इटलीला, आखातात पाठवली. स्वतः ती ट्युनिस शहराच्या पलीकडे गेली नव्हती, आणि त्याचं तिला काही वाटतही नव्हतं.

तिचे नियम ठरलेले. हरिशाच्या, म्हणजे मिरचीच्या चटणीच्या बाटलीत वर बोटभर तेल हवंच, मग ती बाटली मोज्यात आणि मोजा बुटात. सुकवलेलं मटण अजिबात नाही. "तिथले कस्टमवाले ते उचलून कचऱ्यात टाकतात. आपल्या बकऱ्याचा असा अपमान कशाला?" आणि कुसकुस, म्हणजे रव्याचे वळून वाळवलेले दाणे, बरोबर एका वर्षाला पुरेल तेवढाच. लोक म्हणायचे, खाला, जागा आहे, अजून दोन मुठी घाला. ती घालायची नाही. डबा रिकामा झाला की माणसाला घर आठवतं, असं तिचं म्हणणं.

एक वस्तू मात्र तिने आजवर कोणाच्याच बॅगेत जाऊ दिली नव्हती, ती म्हणजे कुसकुसचे दाणे सारखे करायची चाळण. तिची नणंद नफीसा लग्न होऊन लिऑनला जाताना हट्टाने चाळण घेऊन गेली. त्याला सव्वीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत ती दोनदा आली, दोन्ही वेळा मयतीला. चाळण नेली की माणूस परतत नाही, असा गावात काही समज नव्हता, पण मबरूकाने तो स्वतःपुरता करून घेतला होता, आणि एकदा तिने समज करून घेतला की तो काढणं इमामाच्याही हातात नव्हतं.

यंदा तिची स्वतःची लेक इब्तिसाम निघाली. नर्सचं शिक्षण झालेलं, जर्मनीतल्या एका इस्पितळाशी तीन वर्षांचा करार. जायचं सप्टेंबरअखेर ठरलं होतं, म्हणून मबरूका निवांत होती. ऑगस्टमध्ये रवा वळायचा, वाफवायचा, गच्चीवर चादरींवर दहा दिवस वाळवायचा, मग भरायचा. पण तिकडून निरोप आला की एक सप्टेंबरलाच हजर व्हा. तेव्हा गच्चीवरच्या कुसकुसला जेमतेम चार उन्हं लागली होती.

निघायच्या आदल्या दुपारी मबरूकाने मूठभर दाणे तळहातावर घेतले, चोळले आणि कापडी पिशवीत भरायला लागली. दुसऱ्या कोणाचा असता तर तिने तो गच्चीवर परत पाठवला असता. दिव्याखाली अंधार असतो तो असा.

इब्तिसाम बॅगेत कागदपत्रं ठेवायला आली. पिशवीवर हात ठेवला, नाक जवळ नेलं.

"उम्मी, हा ओला आहे."

"ओला नाही. ताजा आहे."

दारात जाळं सांधत बसलेल्या सादोकने, म्हणजे मबरूकाच्या नवऱ्याने, मान वर केली. "शेजारणीने असा भरला असता, तर तिला गल्लीत उभं करून सुनावलं असतंस."

"तुम्ही तुमची भोकं बुजवा."

"अगं, आठ दिवसांत बुरशी येईल," इब्तिसाम म्हणाली. "राहू दे तो. मला चाळण दे. रवा तिथे मिळतो. मी वळेन."

"वाळवशील कुठे? तिथे ऊन कुठाय?"

"खोलीत हीटर आहे. त्याच्यावर."

"हीटरवर मोजे वाळवतात. आणि वळायला येतं का तुला?"

"तुझ्या शेजारी वीस उन्हाळे बसलेय. तू हात घालू दिला नाहीस, पण डोळे तर उघडे होते ना माझे?"

मबरूकाने पिशवीची गाठ सोडली, परत बांधली. मग म्हणाली, "नफीसाने चाळण नेली."

"आत्याचा काय संबंध?"

"तिथेच सगळं करता यायला लागलं की माणूस इकडे कशाला येतंय? मला भीती वाटते, पोरी."

सादोकचे हात थांबले. तीस वर्षांच्या संसारात हे वाक्य त्याने बायकोच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

इब्तिसाम तिच्यासमोर फरशीवर बसली. "मी कुसकुससाठी परत येणार होय? तुझ्यासाठी येईन. पण तोवर तीन वर्षं उपाशी ठेवणार आहेस का मला?"

मबरूका उठली. पिशवी घेऊन गच्चीवर गेली, दाणे परत चादरीवर पसरले, हाताने सारखे केले. खाली आली ती चाळण घेऊन. लाकडी कडं तिच्या सासूच्या हातचं, तेलाने काळं पडलेलं. बॅगेतले कपडे काढून तिने चाळण तळाशी ठेवली आणि तिच्या पोटात इस्पितळाचे पांढरे बूट, मोज्यातली हरिशाची बाटली, पुदिना, बसीशाच्या भाजक्या पिठाचा डबा असं सगळं दाबून बसवलं.

"नीट ऐक," ती म्हणाली. "ही तुला दिलेली नाही. उसनी आहे. उसनी वस्तू स्वतः आणून द्यायची असते. येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर पाठवायची नाही."

"आणून देईन."

मबरूकाने बॅग वीतभर उचलली, डोळे मिटले, खाली ठेवली. परत उचलली. मग नवऱ्याला म्हणाली, "तुमचा मासळी तोलायचा काटा आणा. आज माझ्या हाताला कळत नाही."

सकाळी गाडी निघाली तसं तिने मागे तांब्याभर पाणी ओतलं, गेलेलं माणूस परत येतं म्हणून. सादोक विमानतळापर्यंत गेला. ती गेली नाही. पाणी वाळेपर्यंत उंबऱ्यात उभी राहिली. ऑगस्टचं ऊन, त्याला वेळ लागला नाही. रडायचं तेवढं ती तिथेच रडली आणि तोंड धुऊन आली.

अजून घरच्या वर्षाच्या कुसकुसचा निम्मा रवा वळायचा होता. ती शेजारच्या जमीलाकडे गेली.

"चाळण दे गं."

"तुझी कुठाय?"

"पोरीबरोबर गेली."

जमीलाने तिच्याकडे नीट पाहिलं. नफीसाची गोष्ट तिने शंभरदा ऐकली होती. आत जाऊन चाळण घेऊन आली. "ही ठेवूनच घे. माझ्याकडे दोन आहेत."

"नको," मबरूका म्हणाली. "उसनीच दे. माझी यायची आहे."