पोटभाडेकरू संगणक

तहसील कचेरीच्या आवारात मी वीस वर्षे अर्ज लिहीत आहे, आणि माझ्या मसुद्यात आजवर त्रुटी निघालेली नाही. तरीही काल दाखल्याच्या खिडकीपाशी मला एक नवी गोष्ट उमगली. माझ्याकडून अर्ज लिहून घेतलेल्या हौसाबाईंच्या नातीच्या कॉलेज प्रवेशाचा शेवटचा दिवस होता आणि तिचा दाखला संगणकात अडकला होता.

दुरुस्तीस आलेल्या नीलिमाताई म्हणाल्या, "काका, या संगणकाच्या पोटात दुसरा एक आभासी संगणक, लिनक्स प्रणालीवर चालणारा, पोटभाडेकरूसारखा राहतो. एका वेळी अनेक कामे चालवणारी त्याची लायब्ररी, म्हणजे तयार आज्ञांचा संच, स्वतःचेच घर समजून मालकाच्या फडताळाला हात घालते. दर वेळी मालक, म्हणजे मूळ संगणक, हातचे काम टाकून उठतो आणि वस्तू काढून देतो. म्हणून सारे इतके मंद."

"रागवत नाही व्हय त्यो?" हौसाबाईंनी विचारले.

"नाही हो आजी. नुसता दमतो."

मी लेखणी खाली ठेवली. कित्येक घरांत कुणाच्या तरी सवयीपायी कुणीतरी दिवसभर असे उठत असते. सदर तक्रारीचा अर्ज मात्र माझ्याकडे कधीच येत नाही.

ताईंनी जुळणारी लायब्ररी बसवली. थोड्याच वेळात दाखला निघाला. तो पदराआड धरून निघताना हौसाबाईंनी यंत्रावर हात फिरवला.

"बस बाबा आता घटकाभर," त्या म्हणाल्या.