एका काडतुसाची नोंद

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत गिरगावात पोलिसांनी गोळीबार केला, आणि आठवड्याभरात परवानेवाल्यांनी आपापल्या बंदुका जमा कराव्यात असा हुकूम निघाला. वारलेल्या मामांची बंदूक घेऊन मी पोलीस चौकीच्या रांगेत उभा राहिलो. पुढे धोतर, कोट आणि काळी टोपी घातलेले एक गृहस्थ होते. त्यांनी आपली बंदूक तान्ह्या बाळासारखी दुपट्यात गुंडाळली होती.

बंदूक मामांच्या मागे माझ्याकडे आली, असं मी सांगितलं; ती बघून ते कळवळलेच. "दसऱ्याला नळीला हळदकुंकू लावलंत ना? मग पुसलं कोणी? बघा, गंज चढलाय! पूजा लाकडी दस्त्याची करावी, नळीला फक्त तेल." मग नळी उजेडाकडे धरून त्यांनी मला आत बघायला लावलं. "विकत घेतानाही असंच बघायचं. आणि परवाना आधी तुमच्या नावावर करून घ्या. मामा सुटले, तुम्ही अडकाल."

"शिकार बरीच केली असेल तुम्ही?"

"छे हो! जीव जातो त्यात."

त्यांचा नंबर आला. फौजदाराने काडतुसं मोजली, तर एक कमी.

"कुठे उडवलं? कशावर? साक्षीदार कोण?"

"वसईला, नारळावर. नेम चुकला. साक्षीला मेव्हणा होता."

फौजदाराने हे सगळं तीनतीनदा विचारून लिहून घेतलं. सही करून गृहस्थांनी चष्मा सारखा केला आणि अगदी आदराने विचारलं, "साहेब, गेल्या आठवड्यात आमच्या चाळीसमोर तुम्ही जी काडतुसं उडवलीत, त्यांचीही अशीच नोंद असेल ना? कुठे, कशावर?"

फौजदार बराच वेळ टीपकागद शोधत राहिला. तो त्याच्या हाताखालीच होता.