पुंडलिकची हाक

तळेगावहून पुंडलिकच्या बायकोचा, शांतावहिनींचा फोन आला तेव्हा मी आष्टीच्या माझ्या कापडदुकानात गिऱ्हाइकापुढे लुगडी पसरून बसलो होतो. ‘‘भाऊजी, हे गेले जी. झोपेतच...’’ खोटं कशाला सांगू, रडू नंतर आलं. आधी मनात आलं, बरं झालं बाप्पा, मोकळा होऊन गेला. दोन महिन्यांपूर्वी तो निकाल लागला नसता, तर माझ्या या मित्राला अशी सुखाची झोप लागलीच नसती.

पुंडलिक सरकारी मोजणीदार होता. शाळेपासूनचा माझा दोस्त आणि महा हट्टी. त्याची एक खोड होती. दार सताड उघडं असलं तरी उंबऱ्याबाहेर उभा राहून ओरडायचा, ‘‘कोनी हाय का?’’ आतून उत्तर येईपर्यंत पाऊल टाकायचा नाही. माझ्या दुकानातही तेच. मी समोर गल्ल्यावर बसलेलो! ‘‘मी काय भूत दिसून राह्यलो तुले?’’ असं म्हणून मी त्याची खेचायचो. तो नुसता हसायचा.

निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी, एका दुपारी त्यानं कारण सांगितलं. नोकरीच्या सुरुवातीला त्याला गडचिरोलीच्या जंगलात, माडिया लोकांच्या दहा-बारा घरांच्या टोल्याचा, म्हणजे पाड्याचा नकाशा करायला धाडलं होतं. तेव्हा तिकडे पोलीस आणि नक्षलवादी, दोन्ही बाजूंनी बंदुका. जीपचा आवाज आला तसे लोक लेकरं काखोटीला मारून झाडीत पळाले. साहेब जीपमध्ये बसून घाई करत होते. पुंडलिकनं नकाशावर लिहिलं, ‘वस्ती नाही’. ‘‘राख गरम होती गा. चुलीत हात घालून पाह्यला मी... अन् तरी लिवलं. एक हाक मारली असती, तं कोनीतरी ओ दिली असती.’’

आता तिकडच्या बंदुका बऱ्याच शांत झाल्या होत्या आणि त्या लोकांनी कायद्यानं आपल्या जंगलावर हक्क मागितला होता. पण नकाशा म्हणत होता, इथे कुणी राहतच नव्हतं. दावा अडला होता तो पुंडलिकच्या दोन शब्दांवर. जुन्या सहकाऱ्याकडून त्याला हे कळलं आणि तो जायला निघाला. मी त्याला अडवलं, त्याची आज लाज वाटते. ‘‘आपलीच चूक सरकारले लिहून देते का कोनी? झाकली मूठ राहू दे.’’ तो म्हणाला, ‘‘मूठ माही झाकली गा, घरं त्याहिची उघड्यावर पडली.’’ आणि एसटीनं गेला.

सुनावणीत तो एवढंच म्हणाला की लोक होते, मी खोटं लिहिलं. चुलीचं सांगायला त्याची जीभ रेटेना. अधिकाऱ्यांनी विचारलं, इतक्या वर्षांनी यावर विश्वास कसा ठेवायचा? तेव्हा एक म्हातारी उठली. ती माडियात बोलली, नातीनं मराठीत सांगितलं, ‘‘आजी म्हणते, मी लेकरू छातीशी धरून झाडीत लपली होती. या माणसानं माझ्या चुलीत हात घातला, मी पाहिलं.’’ पुंडलिकनं होकारार्थी मान हलवली आणि तिथेच रडला. दोघांचे जबाब लिहून घेतले गेले. पुढे दावा मंजूर झाला.

निकाल कळला त्या दिवशी तो दुकानाशी आला. ‘‘कोनी हाय का?’’ मी पहिल्यांदाच चेष्टा केली नाही. उठून म्हणालो, ‘‘हाय. ये.’’ तो गादीवर टेकला आणि बसल्या बसल्या घोरू लागला. मी गिऱ्हाइकांना हळू बोलायला लावलं.

तेराव्यानंतर, गेल्या आठवड्यात पुन्हा तळेगावला गेलो. त्याच्या घराचं दार उघडंच होतं. या घरात मी आजवर कधी विचारून शिरलो नाही, पण पाय उंबऱ्याशीच थांबले.

‘‘कोनी हाय का?’’

आत भांडं वाजलं. मी थांबून राहिलो.

‘‘हाय ना भाऊजी,’’ स्वयंपाकघरातून शांतावहिनी म्हणाल्या. ‘‘या.’’