मधू कांबळेचा धोटा

ऑफिसातून घरी आलो तेव्हा आन्सरिंग मशीनचा लाल दिवा लुकलुकत होता. मधू कांबळेनं महिन्यापूर्वी माझी शिडी नेली होती. ती घेऊन जा म्हणत असेल असं समजून मी बूट काढले, चहा टाकला आणि मग बटण दाबलं. आवाज त्याच्या मुलीचा, ज्योतीचा होता. "दिलीपकाका, बाबा इज गॉन. ड्राइव्हवेमधला स्नो काढत होते... प्लीज कॉल मॉम." चहा उतू गेला. मी आधी ओटा पुसला आणि मग फोन लावला. मी असाच आहे.

मधू आणि मी एकाच वर्षी अमेरिकेत, नोव्हायला आलो, गाड्यांच्या एकाच कंपनीत लागलो आणि लग्नं होईपर्यंत एका खोलीत राहिलो. तो मुंबईतल्या गिरणी कामगाराचा मुलगा, मी पुण्याचा. एक पातेलं, दोन चमचे, आणि बिअरची बाटली बहुतेक वेळा एकच. रविवारी आम्ही सगळे गवत कापायचो, हा लायब्ररीतून दोनशे वर्षांपूर्वीच्या यंत्रांची पुस्तकं आणायचा. पोरांच्या वाढदिवसाला कागदी ताटल्या उपड्या करून त्यावर विलायतेतली औद्योगिक क्रांती काढून दाखवायचा. "अरे, मागावर आडवं सूत नेणारा धोटा आधी पळायला लागला," तो म्हणायचा. "दोरी ओढली की आपोआप मागाच्या या टोकाकडून त्या टोकाला. विणकराचा वेग वाढला, तर सूत पुरेना. मग कुणीतरी एका चाकावर सूत कातायच्या आठ चात्या बसवल्या. पुढे त्या वाढल्या, हातानं फिरेनात, म्हणून पाण्यावर. नदी सगळीकडे नसते, म्हणून वाफेवर. बघ, एका लाकडाच्या तुकड्यानं जगाच्या मागे कसं लचांड लावलं!" आम्ही हसायचो. कुणीतरी हळूच केक कापायला घ्यायचं.

एकदा मॅसेच्युसेट्समधल्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून त्यानं खराखुरा धोटा आणला. दीड वीत लांब, दोन्ही टोकांना लोखंड, हात लागून लागून गुळगुळीत झालेलं लाकूड. कडेला बारीक भोक. धोट्यातली सुताची कांडी संपली की विणकर नवी घालायचा, धाग्याचं टोक भोकाशी आणायचा आणि तोंड लावून श्वासानं धागा बाहेर ओढायचा. पुढच्या पाळीचा माणूस त्याच धोट्याला तोंड लावणार. "म्हणून आमच्या लोकांना साचेखात्यात, मागांवर घेतच नसत," मधूनं सांगितलं. "आमचा विटाळ व्हायचा ना. सूत आम्ही कातलेलं चालायचं, थुंकी चालायची नाही. म्हातारा जन्मभर रिंगखात्यात सूत कातत राहिला. त्याला माग चालवायचा होता रे. हात होते, डोकं होतं... तोंड नडलं."

त्या वर्षी मराठी मंडळानं त्याला व्याख्यान द्यायला सांगितलं. आदल्या दिवशी त्याचा फोन आला. मी धोट्यातला धागा तोंडानं ओढून दाखवीन, मग तुझ्या हातात देईन, तू ओढ, तू ओढलास की बाकीचे ओढतील, एवढंच त्याचं मागणं होतं. "म्हाताऱ्यासाठी करतोय. करशील ना?" मी म्हणालो, "अरे, हे काय विचारणं झालं यार?"

शाळेच्या कॅफेटेरियात साठ-सत्तर माणसं होती. मधू सुंदर बोलला. त्यानं धोट्याला तोंड लावलं, एका दमात धागा बाहेर काढला, पुन्हा आत सारला आणि पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्या हातात धोटा ठेवला. भोकाची कड ओली होती. माझ्या शेजारी माझा सख्खा मेहुणा, मागे मंडळाच्या अध्यक्षीणबाई. मला वाटलं, सगळे माझ्या ओठांकडे बघताहेत. मी खिशातून रुमाल काढला आणि धोटा पुसला. एकदा नाही, दोनदा. तरीही तोंडाशी नेला नाही. "हायजीन, हायजीन! आपण अमेरिकेत आहोत," असं म्हणून हसलो. सगळे हसले. धोटा हातोहात मागच्या रांगेपर्यंत गेला, लोकांनी उलटासुलटा करून पाहिला, वजन किती म्हणून विचारलं. तोंड कुणीही लावलं नाही.

मला सर्दी होती, असं मी पुढे कित्येकांना सांगितलं. नव्हती. ज्याच्या तोंडची बाटली मी तीन वर्षं प्यायलो होतो, त्याची मला त्या दिवशी चारचौघांदेखत किळस आली. हे लिहिताना हात थांबतोय, पण खरं तेच आहे.

मधू काय म्हणाला? "बरोबर आहे, हायजीनचं," एवढंच. धोटा टॉवेलात गुंडाळला आणि सामोसे खायला आला. नंतरची सहा वर्षं पूर्वीसारखाच राहिला. माझी नोकरी गेली तेव्हा दुसरीकडे शब्द त्यानंच टाकला. मी मनाशी ठरवून टाकलं, विसरला बिचारा. मोठ्या मनाचा माणूस.

परवा त्याच्या घरी पुण्यानुमोदन होतं. त्रिशरण, पंचशील झालं, चार माणसं चांगलं बोलली, मीही बोललो. मग शीलावहिनींनी सगळ्यांना कपांतून चहा दिला. माझ्यासमोर ज्योतीनं कोकचा थंडगार कॅन आणून ठेवला. न उघडलेला.

"अगं, मलाही चहाच दे."

ती गोंधळली. "बट काका, यू डोन्ट ड्रिंक फ्रॉम अवर कप्स. बाबांनी सांगितलंय ना. दिलीपकाकांना ऑलवेज सील्ड द्यायचं."

मी आठवून पाहिलं. सहा वर्षांत या घरात मला चहा मिळाला नव्हता. पाणीसुद्धा बाटलीचं. मी समजत होतो, मधू अमेरिकन झालाय.

"ज्योती, आत जा," वहिनी म्हणाल्या. त्यांनी कॅन उचलला नाही, की कपही आणला नाही. मी बर्फ घेण्याच्या निमित्तानं उठलो आणि फ्रिज उघडला. मधूला डायबेटिस होता, वहिनी सोडा पीत नाहीत, ज्योतीच्या दातांना तार आहे. खालच्या कप्प्यात कॅन नीट रांगेत लावून ठेवले होते. ते सगळे माझे होते.