लॅटिन रॉकची हळद

बेंजो पार्टीतल्या माणसाला किस्से जमवावे लागत नाहीत. वाद्यांबरोबर तेही जीपमध्ये चढतात, आणि सीजन संपला तरी उतरायचं नाव घेत नाहीत! आता आम्ही सगळे पन्नाशीकडे आलो, पण टोकावड्याच्या नाक्यावर चहाला जमलो की कुणीतरी म्हणतंच, "ए, ती स्पॅनिश कॅसेट सांग ना!"

तर ऐका.

कॅसेटचा जमाना संपत आला होता, पण सीडी अजून आमच्याकडे पोचली नव्हती. शहापूरला एसटी स्टँडजवळ मधुकाकांचं कॅसेटचं दुकान होतं. लग्नाचा सीजन तोंडावर आला म्हणून त्यांनी मुंबईच्या डीलरला फोन लावला. लाइनमध्ये नुसती खरखर. काका ओरडून सांगतायत, "हळदीच्या पन्नास पाठवा! हळदीच्या!"

पलीकडचा माणूस म्हणाला, "लॅटिनच्या? पन्नास? नक्की ना?"

"नक्की म्हणजे काय! तालुका वाट बघतोय!"

चार दिवसांनी खोका आला. उघडला, तर पन्नासच्या पन्नास एकच कॅसेट. लाल कव्हर, त्यावर लांब केसवाले सात जण. परदेशातला कुठलातरी लॅटिन रॉक बँड, त्यांचा नवा अल्बम, गाणी सगळी स्पॅनिश! डीलर म्हणाला, खोका उघडला, आता परत घेणार नाय.

काका डोक्याला हात लावून बसले. काउंटरवर हळदीची गाणी मागायला बायका उभ्या, आणि फळीवर हे सात जण!

*

निदान ऐकून तरी बघू म्हणून काकांनी एक कॅसेट लावली. त्याच वेळी आमच्या पार्टीत दोन काठ्यांनी टिमबाली बडवणारा काशा दुकानावरून चालला होता. तो जागीच थांबला. मग आत आला आणि स्पीकरला कान लावून उभा राहिला. गाणं संपलं तसा काउंटरकडे वळला.

"काका, हा टिमबालीवाला कुठला? मुरबाडचा नाय. तिथल्या सगळ्यांना मी वळखतो."

"परदेशातला आहे रे."

काशाचा चेहराच उतरला. "मंग त्याला इकडं बोलवू नका हां काका. आपल्या सगळ्या सुपाऱ्या जातील!"

*

खरं सांगायचं तर सुपाऱ्या तशाही चालल्याच होत्या. कल्याणच्या पार्ट्या कॅशिओ घेऊन यायच्या, लाइट लावायच्या. आमच्याकडे बेंजो, ढोलकी, कोंगो आणि काशाची टिमबाली, एवढंच. त्या वर्षी दोन घरांनी तर ठरलेली हळद मोडून कल्याणवाल्यांना दिली होती. काशा ती कॅसेट घेऊन टोकावड्याला आला आणि म्हणाला, "हे वाजवायचं. नायतर पार्टी बंद करायची!"

बसवायला घेतलं. बाकीच्यांचं आठवड्यात जमलं, अडकलो मी, बेंजोवाला. त्यांचा गिटारवाला एक सूर धरायचा तो धरायचाच, मी श्वास घेऊन सोडला तरी तो चालूच! बेंजोचा सूर टिचकी मारल्यासारखा, आला की गेला. मग मी तार छेडायची पट्टी इतक्या जोरात फिरवायला लागलो की सूर तुटायलाच नको. सकाळ-संध्याकाळ तेच.

तिसऱ्या दिवशी शेजारची काकू कापड घेऊन दारात आली. "मशीन घेतलीस म्हनं? माजं एक झंपर शिवून दे रं!"

*

पहिली हळद मिळाली सिद्धगडाच्या पायथ्याशी, एका गावात. मांडवाच्या कोपऱ्यात आम्ही वाद्यं मांडली, कॅसेटमधलं पहिलं गाणं सुरू केलं, तोच नवरीचा बाप हात वर करत आला. "थांबा! थांबा! माज्या पोरीच्या हळदीला इंग्रजी गाना नको!"

माझे हात थांबले. वाटलं, संपली पार्टी.

काशा शांतपणे म्हणाला, "मामा, इंग्रजी नाय. स्पॅनिश हाय."

मामांनी जरा विचार केला. "हां, मंग वाजवा!"

आणि आम्ही वाजवलं! काय सांगू राव! पहिल्यांदा करवल्या उठल्या, मग पोरं, मग भात ढवळणारे आचारी उलथणं हातात घेऊन. शेवटी मामा स्वतःच! ते एकच गाणं पाच वेळा वाजवायला लावलं. माझी बोटं सोलली होती आणि मला त्याचं भानही नव्हतं.

*

दुसऱ्या दिवसापासून काकांच्या दुकानावर झुंबड! अल्बमचं नाव कुणालाच म्हणता येत नव्हतं. गिऱ्हाईक यायचं आणि काउंटरवर बोटांनी ठेका वाजवायचं. "काका, ही द्या." काका बरोबर तीच काढून द्यायचे.

पन्नास कॅसेट पंधरा दिवसांत संपल्या. काकांनी आणखी मागवल्या. मग एक दिवस किन्हवलीचा जीपवाला तणतणत आला.

"काका, डुप्लिकेट दिलीत मला!"

"ओरिजिनल आहे रे बाबा, सील फोडून दिली तुला."

"कसली ओरिजिनल? हिच्यात बेंजोच नाय!"

असे तीन-चार जण आल्यावर काकांनी दुकानात पाटी लावली : 'ओरिजिनलमध्ये बेंजो नाही. तक्रार ऐकली जाणार नाही.'

त्या पाटीपुढे मी पहिल्यांदा उभा राहिलो ना, तेव्हा जे वाटलं ते अजून कुणाला सांगितलेलं नाही.

*

सीजन सरत आला आणि कॅसेट कंपनीचे साहेब मुंबईहून गाडी घेऊन दुकानात हजर. इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल.

"हा अल्बम आमचा सगळीकडे आपटलाय," ते काकांना म्हणाले. "मुंबईत पडून, पुण्यात पडून. आणि शहापूरहून चौथी ऑर्डर? इथे स्पॅनिश शिकवणारं कॉलेज वगैरे आहे का?"

"कॉलेज नाय साहेब, हळद हाय," काका म्हणाले, आणि त्यांना सरळ आमच्या टोकावड्याला घेऊन आले.

संध्याकाळची वेळ, मांडव भरलेला. आम्ही सुरुवात केली मात्र, सगळा मांडव गायला लागला! स्पॅनिश शब्द ऐकून ऐकून लोकांनी आपापल्या परीने बसवले होते. जात्यापाशी बसलेली नवऱ्याची आजी तर डोळे मिटून, मान डोलवत, एकही ओळ न सोडता गात होती.

साहेब फाइल विसरून बघतच राहिले. गाणं संपल्यावर आजीजवळ गेले आणि वाकून विचारलं, "आजी, या गाण्याचा अर्थ काय हो?"

आजीने डोळे उघडले. साहेबांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"कंपनीचा तूच ना रे?"

"हो, आजी."

"गाना तूच इकतोस?"

"हो."

"आन तुलाच नाय म्हायत? मंग इकतोस कशाला?"