तालमीची माती लाटेवर

त्या सकाळी समुद्राच्या काठावर कोन कोन होतं ते आदी सांगते, म्हंजे मागनं कुनी म्हनाय नगं की म्हातारी रचून सांगती. मी होते. माजी नात पल्लवी होती, परीक्षा तिची होती. शेजारची अंबक्का होती, तिला मरायच्या आदी एकदा समुद्र बगायचा होता. परीक्षा घेनारा तितला सर होता, काळा चष्मा कपाळावर चढवलेला. आनि त्यो होता.

त्याचं नाव मी घेत न्हाय. सोलापुरात भवानी पेठेत आमच्या बोळाच्या तोंडाला जुनी तालीम हाय, तितला त्यो वस्ताद. समदी त्याला वस्तादच म्हनायची, त्यामुळं माजं काय अडलं न्हाय. कुस्तीत त्याचा डावा कान मोडून वाळल्या अंजिरागत झालेला. कुनी बोलाय लागलं की त्यो कान चिमटीत धरायचा आनि नजर भलतीकडंच ठेवायचा. समोरच्याचं बोलून झालं की इचारायचा, "झालं? का वाजंत्री लावू?" पैलवान मातीत पडला तरी तेच, "उठ की. का वाजंत्री लावू?" आसं एखादं मानूस तुमच्याबी गल्लीत आसंल बगा, चांगला शबूद तोंडातनं निगाला तर त्यालाच ठसका लागतो.

नाव का घेत न्हाय त्ये सांगते.

माजं म्हायेर सांगोल्याकडचं, मेंढरं राखनाऱ्यांचं. पान्यासाठी वनवन मला नवी न्हवती. वाटलं हुतं, लगीन करून शेरात आले, आता तरी सुटंल. कशाचं सुटतंय. नवरा मागावर कापड विनाय, मी सुताच्या कांड्या भराय, आनि घरात आल्यावर हंडा कोरडा. त्या साली उन्हाळ्यात नळाला पानीच येईना. तालमीत मातूर विहीर, पायऱ्यांची, खोलीएवढी रुंद, पान्यानं भरलेली. मी पोटुशी होते. पल्लवीची आई पोटात होती. घागर घिऊन गेले, पायऱ्या उतरले, भरली, वर आनली. त्यो काठी घिऊन आला.

"ही पैलवानांची विहीर हाय. बायकांची सावली मातीवर नगं."

मी म्हनलं, "सावली घरी ठिवून येते. पानी तेवढं न्यू द्या."

त्यानं पायानं घागर लवंडली. सगळं पानी माज्या पायाखालनं व्हावून गेलं. दुसऱ्या दिवशी विहिरीला लोखंडी दार बसवलं आनि कुलूप घातलं. तवापासनं मी त्या दारावरनं हापशाला जायची, टँकरला जायची, डोक्यावर एक, काखंत एक. त्यो दारात बसून कान धरायचा. मी थुकायची न्हाय. नाव तेवढं टाकलं.

आता पल्लवीचं. तिची आई गेली तवा ती ल्हान होती. मीच वाढवली. बारावी झाली आनि कोकनात मालवनच्या बाजूला हाटेलात खोल्या आवराय लागली. तितं समुद्रात लांब फळीवर उभं राहून लाटंवरनं घसरत येत्यात, सर्फिंग म्हनत्यात त्याला. हिला त्यो नाद लागला. नाद करता करता तितल्या सरांनी सांगितलं, परीक्षा पास हो, मग लोकांना शिकवायची नोकरी देतो. पयल्या परीक्षेत ती पडली. लाट गाठाय पालथं झोपून दोन्ही हातांनी पानी मारत जावं लागतं, त्यात दंडातला जोर संपला. उठायच्या टायमाला पायच उचलंना. सर म्हनले, पावसाळ्यात समुद्र बंद आस्तो, घरी जा, ताकद करून दिवाळीच्या आदी ये. एकच संधी देतो.

हिकडं मागाच्या शेडचा मालक वाट बगत हुता. मला दमा लागलेला, कापसाच्या धुळीनं छाती आतनं भरलेली. त्यो म्हनला, "आजी, तुमच्या जागी नातीला पाठवा." पोरगी पास झाली तर समुद्र, न्हायतर माजी जागा, माजी धूळ आनि माजा खोकला. हे तिलाबी ठाव हुतं आनि मलाबी.

आदी ती नव्या पेठंत मशिनीच्या जिममधी गेली. तितला पोरगा म्हनला, पोट कमी करून देतो. तिला पोटच न्हवतं. दोन दिसांत परत आली. मग मला न इचारता सरळ तालमीत गेली. मी मागनं धावले तवर त्यांचं बोलनं सुरू झालं हुतं.

"मला दंड शिकवा."

"पोरी कुस्ती खेळत्यात आता. खेळू द्यात. हितं न्हाय."

"कुस्ती न्हाय. पान्यावर उभं राहायचंय."

त्यानं कान धरला. "पान्यावर? मग देवळात जा की. हितं कशाला?"

तालमीत पोरं हुती कुटं म्हना. समदी मशिनीकडं गेलेली. माती कोरडी पडलेली, मुदगलांवर कोळ्यांची जाळी. पल्लवीनं खाली फरशीवर पालथं पडून त्याला दाखवलं, आसं झोपायचं, आसं हातानं पानी मारायचं, लाट आली की आसं एका झटक्यात दोन्ही पायांवर. ती धडपडली. त्यो खो खो हसला. मग हसायचा थांबला.

"ह्यो तर दंडच की. आर्धा सोडून उठायचा." आनि माज्याकडं न बगता म्हनला, "तुज्या आजीला सांग, पोर एकटी येनार न्हाय. संगं बसाय पायजे. पर मातीपासनं लांब."

मी म्हनलं, "तुज्या वस्तादाला सांग, मला मातीत लोळायची हौस न्हाय."

तवापासनं आमचं बोलनं आसंच, पोरीच्या तोंडानं. मी विहिरीच्या काठावर बसायची, जितं घागर लवंडली हुती तितंच. रोज पहाटं त्यो कुलूप काढायचा, पोरगी बाहेर आली की परत घालायचा. तालमीच्या जुन्या लाकडी दाराची फळी काढून त्यानं पान्यात सोडली. पोरीनं त्याच्यावर पालथं झोपायचं आनि हात मारायचे. फळीला मागनं दोर, दोर ह्याच्या हातात. ती पुढं जायाला बगायची, ह्यो मागं ओढायचा. मधीच बादलीभर पानी तोंडावर.

"वस्ताद, नाकात गेलं!"

"लाट काय नाक बगून येती व्हय? मार हात."

मागाचा जुना लाकडी रूळ पल्लवीनं शेडमधनं मागून आनला. रुळावर फळी, फळीवर ही उभी. फळी हिकडं तिकडं पळायची आनि ह्यो काठीनं तिच्या टोकावर हानायचा. पोरीच्या तळहाताला फोड आले, ढोपरं सोलली. अंबक्का भिंतीपलीकडनं वरडायची, "अम्मा, सोलापुरात समुद्र कुटं हाय गं? पोरीला मारून टाकतोय त्यो!" ह्यो तिकडं न बगता म्हनायचा, "त्या बाईला सांगा, समुद्र आला की पयलं तिचंच घर बुडंल."

एक दिवस फळी सटकली आनि पोरीची हनुवटी फुटली. रगत आलं. ती रडली. ह्यो म्हनला, "उठ की. का..." त्याचं म्होरलं मी पुरं हू दिलं न्हाय. उठले आनि पयल्यांदा मातीच्या कडंला जाऊन उभी राहिले.

"पल्लवे, तुज्या वस्तादाला सांग, ही पोरगी हाय. घागर न्हाय, लाथ माराय."

पोरगी काय सांगनार, तिला कायच म्हाईत न्हवतं. पर त्याला म्हाईत हुतं. त्यानं कान धरला आनि लई येळ सोडला न्हाय. दुसऱ्या दिवशी बगितलं तर फळीच्या चारी कडांना गोनपाट गुंडाळून सुतळीनं शिवलेलं. टाके वाकडे तिकडे. बाईमानूस आसं शिवत न्हाय.

आनि आनखी एक सांगते, हे मी अंबक्कालाबी सांगितलं न्हवतं. एका सकाळी आमी लवकर गेलो. पल्लवी चप्पल काढत मागं राहिली. मी भिंतीवरनं डोकावले तर ह्यो स्वता रुळावर फळी ठिवून चढाय बगतोय. लाल लंगोट, पांढऱ्या मिश्या, पोट म्होरं. हात पसरले, उभा राहिला, आनि धाडदिशी पाठीवर. तसाच पडून वर बगत राहिला. मला राहवलं न्हाय.

"उठा की. का वाजंत्री लावू?"

घागर लवंडल्यापासनं त्याला सरळ बोललेला माजा त्यो पयला शबूद. त्यानं मान वळवली. पोरगी आली तवा म्हनला, "तुज्या आजीला सांग, भिंतीवरनं डोकावायची चाल चांगली न्हाय."

दिवाळीच्या आदी आमी एस्टीनं कोल्हापूर, तितनं मालवन. त्याला कुनी बोलावलं न्हवतं. स्टँडवर आला, हातात एक फडक्याची पुरचुंडी. गाडीत कुनाशी बोलला न्हाय, माज्याशी तर न्हाईच. सकाळी समुद्र बगितला. अंबक्का रडली. मला भीती वाटली. त्यानं कान धरला न्हाय. दोन्ही हात खाली सोडून नुसता उभा राहिला. आमच्या विहिरीवर सगळा जनम ज्यानं मालकी सांगितली त्यो मानूस तेवढं पानी बगून ल्हान दिसाय लागला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

सर म्हनले, पल्लवी, तयारी कर. तवा त्यानं पुरचुंडी सोडली. तालमीची माती. पैलवान कुस्तीला उतरताना अंगाला, हाताला माती लावतो, पकड बसावी म्हनून, आनि माती म्हंजे त्यांचा देवच. पोरगी सराला काय तरी इचारत हुती, तवर ह्यानं मूठ मूठ माती घिऊन तिच्या फळीवर चोळली. सगळीकडं. नीट. पाठीवर मालिश करत्यात तशी. आनि पाया पडला.

आता तालमीची माती काय रानातली ढेकळं न्हाईत. तिच्यात तेल आस्तं, ताक आस्तं, हळद, लिंबू. वरसानुवरसं मळलेली. वाळली की घट्ट, भिजली की लोणी.

पोरगी गेली. हात आसे मारले की सर म्हनले, "अरे वा!" लाट आली, ती उठली, आनि उठता उठता पाय गेला. फळी एकीकडं, ती एकीकडं. बाहेर आली तवा तळपाय तांबडे. सरांनी फळीवर बोट फिरवलं, वास घेतला.

"हे काय लावलंय? कुणी लावलं?"

त्यो बोलला. "मी."

"फळीला मेण आस्तं हो, पाय धराय! तुमी त्याच्यावर तेल चोपडलंय! परीक्षा चेष्टा वाटती का तुमाला?"

त्या मानसाला मी तेवढ्या वरसांत मान खाली घातल्याली बगितली न्हवती. मला हसाय यायला पायजे हुतं. पर पोरीचं तोंड बगितलं आनि मला माजी शेड दिसली. सराला म्हनलं, "साहेब, पोरगी पडली न्हाय, फळी पडली. फळी घासून देते. मग बगा." सर चष्मा काढून उगंच पुसत बसले. म्हनले, "मेण हाय माज्याकडं. पर लवकर. वारा फिरनार हाय."

मी पदर खोचला आनि खाली बसले. वाळूच्या मुठीनं फळी घासाय लागले, तांब्याची घागर घासत्यात तशी. पानी लागनार हुतं. मी वर न बगता म्हनलं, "पानी."

कुनाला म्हनलं मलाबी म्हाईत न्हाय. पर सराची बादली उचलून त्यो गेला. समुद्रातनं भरून आनली, हळूहळू वतली. परत गेला. परत आनली. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं. अंबक्का वरडली, "अम्मा! वस्ताद पानी भरतोय तुला!"

त्यो म्हनला, "मग? वाजंत्री लावू का?"

फळी सोच्च झाली. पल्लवीनं मेन चोळलं. ती परत गेली, लाट आली, ती पालथी पडली, आर्धा दंड सोडला आनि उभी राहिली. हलली न्हाय. काठापर्यंत उभी आली, विहिरीची पायरी उतरावी तशी सहज वाळूत उतरली. सर हसले. त्यो हसला न्हाय. त्यानं समुद्राकडं तोंड करून शड्डू ठोकला, मोठ्यानं, आनि मागं फिरून कान धरला.

पल्लवी आता तितंच आस्ती. लोकांना शिकवती. खोकत न्हाय.

आमी परत आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी विहिरीच्या दाराला कुलूप न्हवतं. अंबक्कानं इचारलं तर म्हनला, "किल्ली हरवली." त्यानंतरबी माज्याशी त्यो सरळ कदी बोललाच न्हाय. पल्लवी न्हवती, मग अंबक्काला सांगायचा, "तिला सांग, दोर नवा आनलाय, हात सोलायचा न्हाय." बायका घागरी घिऊन यायच्या, त्यो पाठ फिरवून बसायचा. माफीबिफी काय मागितली न्हाय. मीबी दिली न्हाय.

गेल्या उन्हाळ्यात त्यो गेला. मयताला मी गेले न्हाय. दुसऱ्या दिवशी पहाटं विहिरीवर गेले, घागर भरली. माती कोरडी पडली हुती, तिला पानी मारायला कुनी उरलं न्हवतं. घागर मातीवर वतली. माजी सावली मातीवर पडली. काय झालं न्हाय. कोपऱ्यात रूळ आनि फळी तशीच, गोनपाटाचे वाकडे टाके तसेच.

नाव मी अजून घेत न्हाय. पर आता तालमीचे नवे पंच म्हनत्यात, विहिरीला परत कुलूप घालू. हे वाचनाऱ्यांपैकी त्यांना कुनी वळखत आसंल, तर तेवढं सांगा. कुलूप नगं.