कुणाच्या महिन्यातलं ग्रहण: साक्रीहून मुडावदच्या संगमावर

त्या दिवशी सकाळी आंघोळ केली, देवापुढे दिवा लावला आणि पंचांग उघडलं. दिवाळीतला, लक्ष्मीपूजन आणि पाडवा यांच्या मधला दिवस. संध्याकाळी सूर्यग्रहण होतं आणि सूर्य ग्रासलेलाच मावळणार होता. पण मी पंचांग ग्रहणासाठी उघडलंच नव्हतं. अमावस्या किती वाजता संपते ते मला बघायचं होतं. सव्वाचार. तेवढं बघितलं आणि पंचांग मिटून ठेवलं.

त्याच पानावर खाली आणखी दोन ओळी होत्या. त्या मी वाचल्या नाहीत.

अमावस्येचं असं आहे. वडील गेल्यावर आईचं काय करायचं, हा प्रश्न आला. मोठा भाऊ, आम्ही त्याला नाना म्हणतो, साक्रीच्या पुढे आमच्या गावीच शेती करतो. मी जळगावला एका डाळ मिलच्या गोदामात नोकरीला. तेव्हा मीच सुचवलं, एक महिना नानाकडे, एक महिना माझ्याकडे. आणि तारखा आईच्या लक्षात राहत नाहीत म्हणून बदली अमावस्येला. सगळ्यांना पटलं. पाहुण्यांनी माझं कौतुकही केलं, बापूचं डोकं चालतं म्हणून. सहा वर्षं आई अमावस्येला गाडीत बसते आहे, कधी पूर्वेकडे, कधी पश्चिमेकडे.

ग्रहणाच्या आदल्या दिवशी नानाचा फोन आला.

"बापू, सकायमा लवकर ये. बाराना आत माय निंघाले पाहिजे. तिनी तब्येत बरी नही. म्हतारा मानूसले गिरान जड जास."

मी म्हणालो, "तब्येत बरी नाही तर तिथंच निजून राहू दे ना. पाडव्याला येतो."

"अमावस्या उद्या शे. काही व्हयनं तं कोना महिनाम्हा व्हयनं, लोके इचारतीन."

मला राग आला. पण फोन ठेवल्यावर मी काय केलं? सकाळी उठून अमावस्येची वेळ बघितली. सव्वाचारपर्यंत आई त्याच्याच महिन्यात, हा हिशेब मीही केलाच.

जळगावहून साक्रीकडे जाणाऱ्यांसाठी सांगतो: एरंडोल, पारोळा, धुळे असा महामार्ग आहे, रस्ता आता चांगला आहे. धुळ्यापर्यंत दोन तास, पुढे साक्रीला तासभर. गाडीत फास्टॅग भरलेला ठेवा. पारोळ्याच्या आसपास शेवभाजीचे चांगले ढाबे आहेत. तिखट सोसत नसेल तर आधीच सांगा, नंतर सांगून उपयोग नाही. मी त्या दिवशी कुठेच थांबलो नाही, कारण वेध पाळत होतो. बायकोने डब्यात बेसनाचे लाडू दिले होते, वर तुळशीचं पान ठेवून, ग्रहणानंतर खायला.

थांबलो नाही हे खरं नाही. धुळ्यात पांझरेच्या काठी देवळाबाहेर थांबलो. पायरीवर अर्धा तास बसून राहिलो. जप करत होतो असं तेव्हा स्वतःला सांगितलं. आज सांगतो, वेळ काढत होतो.

गावी पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. नाना ओट्यावरच उभा होता.

"बारा वाजाले सांगं व्हतं."

"रस्त्यात गर्दी होती, नाना."

"दिवाळीम्हा गर्दी? बठ्ठा लोके घर शेतस. तुनासाठेच तेवढी गर्दी व्हती का?"

आई खाटेवर बसली होती. लुगडं बदललेलं, केस विंचरलेले, तयार. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, साखरेचा आजार जुना. तोंड सुकलेलं दिसलं. वहिनी म्हणाली, "साखरनी गोळी दिधी सकायमाच, ईसरनू नही मी. खावाले मातर काहीच दिधं नही, वेध शेतस ना." वहिनीच्या बोलण्यात खोट नव्हती. गोळी देणं हे तिचं कर्तव्य होतं, वेध पाळणं हेही. दोन्ही तिने चोख केलं. मी मान हलवली. मला तर ते बरोबरच वाटलं. मी स्वतः उपाशी होतो.

निघताना आई म्हणाली, "बापू, आज माले संगमवर न्हावानं शे."

"कोणत्या संगमावर?"

"पांझरा जठे तापीले भेटस तठे. सारी उमर हाई नदी दारसमोरथीन गई. कोठे जास ते माले एकदा दखनं शे."

नाना लगेच म्हणाला, "लई जा रे, पुन्य लागी." आपल्या ओट्यापुढून गाडी हलली की त्याला पुरे होतं.

पांझरेचा आणि तापीचा संगम मुडावदला आहे. साक्रीहून धुळ्याला परत या, तिथून बेटावदमार्गे मुडावद. आतला रस्ता अरुंद आहे, दिवाळीच्या दिवसांत दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला असतो, वेचणीच्या गाड्या उभ्या असतात, घाई करून चालत नाही. आई मागे बसून खिडकीतून बघत होती. मधेच पांझरा दिसली की म्हणायची, "ती दख, अजून आपला संगेच शे." धुळ्याच्या पुढे मात्र तिचं बोलणं कमी झालं. झोप आली असेल असं मला वाटलं.

बेटावदच्या अलीकडे मी गाडीतलं घड्याळ बघितलं. चार वीस. अमावस्या संपली होती. आता ती माझी.

हे मनात आलं, जसंच्या तसं. खोडून टाकता आलं असतं इथे लिहिताना, पण ठेवतो.

मुडावदला कपिलेश्वराचं देऊळ नदीच्या काठावरच आहे. जागा फार सुंदर. तापी इथे रुंद होऊन पश्चिमेला जाते, त्यामुळे सूर्य नदीच्या वाटेनेच उतरतो. घाटावर पन्नासएक माणसं असतील. काही पाण्यात उभी राहून जप करत होती. आईला धरून पायऱ्या उतरवल्या, खालच्या पायरीवर बसवलं आणि तांब्याने तिच्या पायांवर, खांद्यांवर पाणी घातलं. ती नदीकडे बघत होती. दोन पाणी एकमेकांत जातात ती जागा मी तिला बोट करून दाखवली. "इतलंच?" ती म्हणाली. मग हात जोडले.

सूर्याची कड तुटायला लागली होती. वरच्या पायरीवर एक शिक्षक आणि त्यांची बायको बसली होती, ग्रहणाचे काळे चष्मे घेऊन. येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवत होते. थर्मासमधला चहा, साखरेची डबी आणि चिवडा मांडलेला. पाण्यातून एका म्हाताऱ्याने टोमणा मारला, "जय भीम मास्तर! गिरानम्हा फराळ?"

"पोटाला ग्रहण लागू देत नाही आम्ही, आबा," मास्तर म्हणाले. दोघेही हसले.

मी चष्मा घेतला. तांबडा सूर्य, आणि उजव्या वरच्या बाजूने कुणी चावा घेतल्यासारखा. मला खूप काही वाटेल असं वाटलं होतं. भूक लागल्याचं तेवढं जाणवलं. चष्मा आईला द्यायला वळलो तर तिचे ओठ हलत होते, डोळे अर्धे मिटलेले, कपाळावर घाम. पाण्याचे थेंब असतील म्हणून मी पुसले. पुन्हा आले. मी तिच्या शेजारी हात जोडून बसलो. आई जपात गेली आहे, मोडू नये, असं वाटलं. दहा मिनिटं तरी मी असा बसून होतो.

मास्तरांची बायको खाली आली. "भाऊ, या तुमच्या कोण?"

"आई. जप चालू आहे."

तिने आईचा हात धरला, गालावर चापट्या मारल्या, पापणी वर करून बघितली. "हा जप नाही. मी आरोग्यसेविका आहे. यांना शुगर आहे का? सकाळी गोळी घेतली होती? काय खाल्लं?"

"काही नाही. वेध..."

"गोळी देऊन उपाशी ठेवलं?" ती वर बघून ओरडली, "अहो, साखर आणा, चहाची! लवकर!"

आणि मी काय म्हणालो ते ऐका. मी तिचा हात धरला आणि म्हणालो, "ताई, थोडं थांबा. ग्रहण सुटू द्या. तिला आवडणार नाही."

तिने माझ्याकडे जसं बघितलं तसं आजवर कुणी बघितलं नव्हतं. "कधी सुटणार? सूर्य तसाच बुडतोय समोर. उद्या उगवेपर्यंत बसणार आहात का? तोवर आई नसेल तुमची."

मी हात सोडला. तिने आईला कुशीवर घेतलं आणि बोटाने साखर गालाच्या आत, हिरड्यांवर चोळली. पुन्हा चोळली. मास्तर आईचं डोकं धरून बसले. पाण्यातला तो म्हातारा बाहेर येऊन उभा राहिला होता. सूर्य नदीला टेकला तेव्हा मी त्याच्याकडे बघतही नव्हतो.

काही वेळाने आईने डोळे उघडले. कुठे आहोत ते तिला कळत नव्हतं. माझ्याकडे बघितलं, ओळखलं, आणि पहिलं वाक्य बोलली:

"आते कोना महिना शे रे? नानाना का तुना?"

मी म्हणालो, "माझा."

"मंग बरं," ती म्हणाली. "नानाले बोल लागता."

मास्तरांच्या बायकोने मान फिरवली. तिला सगळं कळलं असावं. नंतर तिने खायला काही आहे का विचारलं, मी काढून दिलेल्या लाडूच्या डब्यातलं तुळशीचं पान बाजूला काढून आईला अर्धा लाडू भरवला आणि म्हणाली, "भाऊ, आता अमळनेरला दवाखान्यात दाखवा. आणि म्हाताऱ्या माणसांचे वेध असे नसतात हो. माझ्या शेजारच्या ब्राह्मणकाकू मला दरवेळी सांगतात." अमळनेर जवळच आहे. तिथल्या डॉक्टरांनी सलाईन लावलं, साखर तपासली, मला बाहेर बोलावून सगळं विचारलं. मी सांगितलं. ते फक्त "बरं" म्हणाले.

पाडव्याच्या सकाळी, जळगावला, आईने गच्चीवर जाऊन उगवलेल्या सूर्याला हात जोडले, मग चहा मागितला. ग्रहणातच तुला साखर दिली, असं मी तिला सांगून टाकलं. ती म्हणाली, "देवले माहीत शे, मी मांगेल नव्हती." आणि चहात बिस्कीट बुडवलं.

मी पंचांग काढलं. त्या दोन ओळी वाचल्या. मुलं, वृद्ध, आजारी आणि गरोदर बायका यांच्यासाठी वेध बरेच उशिरा, दुपारपासून धरायला सांगितले होते. म्हणजे सकाळी गोळीबरोबर आईला भाकरी खाता येत होती, शास्त्राच्या परवानगीने. शास्त्रात दया होती. आम्हा दोघा भावांना त्या पानावर फक्त अमावस्या दिसली. मी देव सोडलेला नाही, सोडणारही नाही. पण त्या दिवशी घाटावर मी देवाचं नाव ज्या कामासाठी वापरलं, ते रोज संध्याकाळी दिवा लावताना आठवतं.

मुडावदला जायचं असेल तर जरूर जा. पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या पुढेमागे, सकाळी. घाटाच्या पायऱ्या निसरड्या आहेत, म्हाताऱ्या माणसाला दोन्ही बाजूंनी धरा. जवळ खाण्यापिण्याची सोय फारशी नाही, सोबत घेऊन जा. आणि घेऊन गेलात तर खायलाही द्या.

महिना झाला. पुढची अमावस्या आली, आईला नानाकडे पोचवायचा दिवस. त्या आधी मी बायकोला विचारलं, आईला आता इथेच ठेवलं तर? ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "महिने मी कधी मागितले होते? तुम्हीच वाटले." एवढंच.

सकाळी मी एकटाच साक्रीकडे निघालो. कुठेही थांबलो नाही. नानाने गाडीत वाकून बघितलं.

"माय कोठे शे?"

"जळगावला."

"आज अमावस्या शे."

"म्हणूनच आलो. महिने मी लावले होते नाना, मीच मोडतोय. आई माझ्याकडे राहील. तुला भेटायचं तेव्हा ये, तिला चार दिवस घेऊन जा, पण तिथी बघून नको."

नानाचा चेहरा लाल झाला. "म्हंजे तू पुन्यवान, आन आम्ही पापी?"

"नाही. तू तिला बाराच्या आत काढत होतास आणि मी सव्वाचार वाजायची वाट बघत देवळाबाहेर बसलो होतो. गर्दी नव्हती रस्त्यात."

वहिनीने चहा आणला. मग नाना म्हणाला, "लोके काय म्हनतीन?" मी चहा पिऊन निघालो. त्याने गाडीपर्यंत सोडलं नाही.

घरी आलो तेव्हा ऊन कलत होतं. आई दाराजवळ पिशवी घेऊन बसली होती, लुगडं बदललेलं, केस विंचरलेले.

"कोठे गयथा? आज अमावस्या शे ना? चाल, नाना वाट दखी राहिना व्हई."

"जायचं नाही, माय. मी नानाला सांगून आलो. महिने मोडले. आता तू इथेच."

ती माझ्याकडे बघत राहिली. पिशवीवरचा हात तिने काढला नाही.

"माले इचारं का कोनी?"

नव्हतं विचारलं. सहा वर्षांपूर्वी वाटून घेताना नाही आणि आज मोडतानाही नाही. पण मोडले आहेत.